ऑर्लिन स्कारच्या घरची घंटी

हेगडालमध्ये कुणाचा जुना फोन वाजेनासा झाला, की तो किराण्याच्या पिशवीत घालून ऑर्लिन स्कारच्या तळघरात पोहोचता करायचा, अशी रीतच पडून गेली होती. पिशवी पायरीवर ठेवायची, आतून "हं" असं ऐकू आलं की समजायचं, काम घेतलं. आठवड्याभरात फोन परत मिळे, आणि झाकणाच्या आत पेन्सिलीनं तारीख आणि काय केलं त्याचे दोन शब्द. बोलणं म्हणावं तर तेवढंच. त्याच्या लग्नात पाद्रीला "करतोस ना?" हे दोनदा विचारावं लागलं, असं शेजारची लव्हॉन बर्गरूड सांगते. ते लग्न झालं तेव्हा लव्हॉन पाच वर्षांची होती, पण तिच्या माहितीला वयाची अट कधीच नव्हती.

परगण्यातल्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या टेलिफोन कंपनीत ऑर्लिननं एक्केचाळीस वर्षं काढली. बीटाच्या शेतांतून तारा ओढल्या, मिनेसोटाच्या जानेवारीत खांबावर चढून जोड आवळले. निवृत्त झाला त्या आठवड्यात कंपनीनं भंगारात काढलेले टेबलावरचे काळे फोन त्यानं ट्रक भरून घरी आणले. त्याची बायको अ‍ॅडलीन दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "नवरा दिवसभर घरी असणार एवढंच मला सांगितलं होतं. तो चारशे फोन घेऊन येणार, हे कुणी बोललं नव्हतं." ऑर्लिननं यावर थोडा विचार केला आणि म्हणाला, "तीनशे ऐंशी."

तेव्हापासून त्याचं तळघर देशभरातल्या जुन्या फोनवाल्यांना माहीत झालं. लोक पत्रं पाठवत, पार्सलं पाठवत. बाकी कामं कुणीही करील, पण घंटी ओळखावी ती ऑर्लिननंच. आतल्या तारेचं वेटोळं बघून, वाटीवर आपटणाऱ्या हातोडीचं वजन बोटावर तोलून, तारांचे रंग उडाले असले तरी कुठली तार कुठं जायची ते सांगे. स्वतःच्या मुलीचा वाढदिवस मात्र अ‍ॅडलीनला विचारून घेई.

ही अ‍ॅडलीन त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत गेली.

जानेवारीत अंथरूण धरलं, नऊ दिवस घरी, मग गावातल्या दवाखान्यात, आणि मग अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच, कॉफीची मोठी भांडी आणि कागदी ताटल्या. मुलगी मार्लिस स्पोकेनहून आली, चार दिवस राहिली. चर्चच्या त्या स्वयंपाकघरात बाप आणि लेक कप पुसत उभे होते, तेव्हा मार्लिस कपाकडे बघत म्हणाली, "आईला आधीच मोठ्या शहरात न्यायला हवं होतं, बाबा." ऑर्लिननं हातातला कप पुसला, ठेवला, दुसरा घेतला.   चौथ्या दिवशी ती विमानानं गेली.

त्याला रडू आलं नाही. गावाला त्याचं नवल वाटलं नाही, आणि त्यालाही नाही. खांबावर असताना थंडीनं बोटं बधिर झाली, की स्क्रू हातात आहे की खाली पडला हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागे. तसं त्याचं चाललं होतं. सकाळी उठून बघायचं, बूट घातलेत का, घातलेले असत. लोकांनी आणून दिलेल्या हॉटडिशची, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाची, भांडी तो रिकामी करून, धुऊन, तळाशी चिकटपट्टीवर लिहिलेलं नाव वाचून ज्याची त्याला परत देत होता. मार्चअखेर एकही भांडं राहिलं नाही. मग तो तळघरात उतरला आणि पार्सलं उघडू लागला.

एक गोष्ट मात्र तो चुकवत नसे. रविवारी चर्चहून आला, की एक वाजता स्वयंपाकघरात टेबलाशी बसायचं. गेली अठरा वर्षं दर रविवारी एकला मार्लिसचा फोन येई. अ‍ॅडलीन घेई, पाऊण तास बोले, आणि शेवटी फोन त्याच्या कानाशी धरी, तो म्हणे, "हं. इथं ठीक. बर्फ आहे." किंवा उन्हाळा असला तर "पाऊस हवा." आजारपणात घरी असतानाच्या एका रविवारी तेवढं अ‍ॅडलीननं अंथरुणापर्यंत फोनची वायर ओढून घेतली आणि स्वतःच मुलीला लावला.

आता तो एक वाजता बसे आणि दोनला उठे. काळा फोन भिंतीशी छोट्या टेबलावर. फेब्रुवारीचे दोन रविवार गेले, मार्चचे गेले, ईस्टर गेला. फोन वाजला नाही.

त्यानं मनाशी ठरवून टाकलं की मुलगी रागावली आहे, आणि त्या कपाच्या वेळच्या बोलण्यावर आपण गप्प राहिलो म्हणून रागावली आहे. तिचं म्हणणं चूक होतं असंही त्याला वाटत नव्हतं. स्वतः फोन करावा, हे डोक्यात आलं नाही असं नाही. पण ज्याला बोलायचं नाही त्याच्या कानाशी जाऊन आपण घंटी वाजवायची, हे हेगडालमध्ये दारावर लाथ मारण्यासारखं मानतात. तिला वाटेल तेव्हा ती करील. नाही वाटलं तर मग नाही. एवढी एकच मुलगी होती त्याला, आणि जगात आणखी कुणी उरलं नव्हतं. हे त्याला ठाऊक होतं, पण पावसाचा आकडा ठाऊक असावा तसं.

एप्रिलच्या शेवटी, एका गुरुवारी दुपारी, लव्हॉन बर्गरूड तळघराच्या पायऱ्या उतरून आली. लव्हॉन म्हणजे गावातली दुसरी टेलिफोन कंपनी; तारांचा खर्च नाही, एवढाच फरक. तिच्या हातात वडिलांच्या शेतघरातला जुना फोन होता.

"बाबांचा," ती म्हणाली. "भावानं गोठ्यात ठेवला होता. त्यावरून बोलता येतं, पण वाजत नाही. अगदी तुमच्या उलट प्रकार. तुम्ही वाजता तरी कधी कधी, बोलत मात्र नाही."

ऑर्लिन म्हणाला, "ठेव."

"ठेवून जाणार नाही. बसणार आहे. कॉफी आहे का?"

खरं तर विचारायचं यजमानानं, पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप" म्हणून अख्खा घ्यायचा. पण ऑर्लिन एकदाही विचारत नाही हे माहीत असल्यानं लव्हॉननं आपली आपणच दोनदा विचारपूस केली, दोनदा नको म्हटलं, आणि थर्मासमधून ओतून घेतली.

त्यानं फोन उलटा केला, तळाचे स्क्रू काढले, झाकण उचललं. दोन पितळी वाट्या, मध्ये हातोडी, आणि हातोडीच्या मुळाशी एक पोलादी पट्टी. पट्टीवर कधीकाळी आकडा ठोकलेला असणार. गोठ्यातल्या दमट हवेनं तो गंजून पुसून गेला होता. त्यानं बोट हातोडीखाली धरलं.

"बेचाळीस," तो म्हणाला.

"काय बेचाळीस? माझं वय विचारत असाल तर आठ मिळवा."

त्यानं कामाच्या बाकावरची पाच बटणांची पेटी पुढं ओढली. एका तारेवर पाच-पाच शेतघरं असायची, त्या काळातलं हे यंत्र. तेव्हा एक्स्चेंजमधून येणारी वीज प्रत्येक घराला वेगळ्या चालीची असे. सेकंदाला सोळा हिसके एका घराचे, तीस दुसऱ्याचे, मग बेचाळीस, चोपन्न, सहासष्ट. ज्या घंटीची पट्टी ज्या चालीची, तीच हाले. बाकीच्या चार घरांत ढिम्म. ऑर्लिननं फोन पेटीला जोडला आणि सोळाचं बटण दाबलं. काही नाही. तीस, काही नाही. बेचाळीस दाबलं, आणि फोन असा खणखणला की लव्हॉनच्या बशीत कॉफी सांडली.

तिनं बशी बाजूला सारली. मग म्हणाली, "हाच आवाज. आई बेसिनशी असायची, हात न पुसता धावायची."

"आणि तुमच्याच तारेवरच्या तीसवाल्यांचा फोन आला की?" ऑर्लिननं विचारलं.

"त्यांची घंटी आमच्याकडं कुठं वाजायची? आई आपली अंदाजानंच उचलून ऐकायची. फार चुकायची नाही ती."

आता एकेका घराला एकेक तार, आणि एक्स्चेंज सगळ्यांना एकच साधी चाल पाठवतं, वीसची. वीसला बेचाळीसची पट्टी हालत नाही. फोनमध्ये बिघाड असा काही नव्हता. त्याच्यासाठीची हाक यायची थांबली होती, इतकंच. ऑर्लिननं हे तिला सांगितलं ते एवढ्याच शब्दांत: "वीसची बसवतो."

फळीवरून त्यानं साधी घंटी काढली, दोन वेटोळ्यांची. जुनीची एक तार जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडायची असे, ती काढून गुंडाळली. नव्या घंटीच्या मधल्या दोन तारांच्या मध्ये कंडेन्सर आला पाहिजे, नाहीतर एक्स्चेंजला फोन सतत उचललेला दिसेल. लाल तार लाइनच्या एका स्क्रूवर, काळी दुसऱ्यावर. त्याची बोटं आपोआप चालत होती आणि तो ती चालताना बघत होता. जुन्या वाट्या मात्र त्यानं काढून नव्या घंटीवर बसवल्या. आवाज वाटीचा असतो, हे त्यालाच ठाऊक. लव्हॉननं विचारलं नव्हतं, त्यानं सांगितलं नाही.

पेटीला जोडून वाजवली, वाजली. तो झाकण लावू लागला.

"पेटीवर नको," लव्हॉन म्हणाली. "खरा फोन येऊ दे तिच्यावर. मी घरी जाते आणि तुमचा नंबर लावते. तुम्ही इथं बाकाशी जोडा."

बाकामागे लाइनचं एक टोक होतं, त्यानंच कधीतरी वरून आणलेलं. कामाला सगळी पेटीच वापरायची, त्यामुळं ते टोक वर्षभरात कधी लागलं नव्हतं. त्यानं फोन तिथं जोडला. लव्हॉन अंगण ओलांडून गेली. तिच्या मागच्या दाराची जाळी आपटली ते इथवर ऐकू आलं. मिनिटभरानं बाकावरचा फोन वाजला. आवाज तोच, बेसिनशी उभ्या बाईला धावायला लावणारा.

ऑर्लिननं उचलला नाही. तो छताकडे बघत होता.

डोक्यावर बरोबर स्वयंपाकघर होतं, आणि त्याच तारेवरचा त्याचा स्वतःचा फोन. दोन्ही एकदम वाजायला हवे होते. वर आवाज नव्हता.

तो पायऱ्या चढून वर गेला. खाली फोन वाजत राहिला, वर काळा फोन शांत. तो त्याच्यासमोर उभा राहिला. खालचा थांबला. मग त्यानं खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि फोन उलटा केला.

लाल तार तिच्या स्क्रूवर नव्हती. बाजूच्या मोकळ्या स्क्रूवर नीट गुंडाळून, आवळून ठेवलेली होती. झाकणाच्या आत त्याच्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं: "१९ जाने. बंद. अ‍ॅ. झोपते."

आता आठवलं. प्रत्येक घंटीला ती दचकायची, म्हणून दोन दिवसांसाठी काढली होती. पुन्हा लावायची राहिली.

जाळीचं दार न वाजवता लव्हॉन आत आली. "वाजला का? मी बारा वेळा..." ती थांबली. उघडा फोन तिनं पाहिला, ते लिहिलेलंही वाचलं. तिला वाचायला कुणी सांगावं लागत नाही.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम उचलत नव्हता असं नाही," ती म्हणाली.

"कुणी फोन केला होता?"

"मी केला. मार्चमध्ये चार वेळा, पाव केला होता म्हणून. पाद्रीणबाईंनी केला. आम्ही म्हटलं, माणसाला बोलायचं नसेल. तळघरात दिवा असतो, फुटपाथवरचा बर्फ वेळेवर काढतो, मग आपण कशाला विचारायचं." तिनं टेबलाची कड धरली. "मार्लिसचा मला फोन आला होता. मार्चच्या शेवटी. म्हणाली, दर रविवारी लावते, वाजत राहतो, बाबा उचलत नाहीत. मी सांगितलं, ते बरे आहेत. बरे होताच तुम्ही. तिनं पुढं काही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही."

"आणि मला?"

"तुम्हाला काय सांगणार? तुमचा फोन तुम्ही उचलत नाही म्हणून?"

साऱ्या गावाची खबर घरपोच करणारी बाई, आणि जी एक खबर पन्नास पावलांवर पोचवायची होती ती सभ्यपणानं पोटात ठेवून बसलेली.  तिच्यावर राग आला आहे का हे ऑर्लिननं स्वतःच्या आत डोकावून पाहिलं. आत कुणी नव्हतं.

लव्हॉन म्हणाली, "मी तिला आत्ता लावते आणि सांगते."

"नको."

"तुम्हाला जमणार नाही, ऑर्लिन. मी सांगते ना."

"नको. त्रास कशाला."

लव्हॉन दारापर्यंत गेली. ऑर्लिन वाट बघत होता. तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही. तळघरातला वडिलांचा फोन सोडवून, काखोटीला मारून ती सरळ घरी निघून गेली. पन्नास वर्षांत लव्हॉननं केलेली ही सगळ्यात उर्मट गोष्ट, आणि ती तिनं पूर्ण विचार करून केली होती.

त्याला लाल तार तिच्या जागी लावायला तीन सेकंदही लागले नसते. पण गुरुवार गेला, शुक्रवार गेला, फोन टेबलावर उघडाच. तार बाजूला होती तोवर न वाजण्याचं कारण तारेत होतं. एकदा ती लागली, आणि तरीही फोन वाजला नाही, तर कारण दुसरीकडं शोधावं लागणार होतं. शनिवारी संध्याकाळी त्यानं तार लावली. पेन्सिलीनं आत लिहिलेलं खोडलं नाही. त्याच्या खाली तारीख टाकली आणि लिहिलं: "चालू."

रविवारी चर्चहून आला. एक वाजता बसला. सव्वा झाला. दीड झाला. बाहेर लव्हॉन तिच्या अंगणात वाळलेली पानं ओढत होती. मागच्याच आठवड्यात तिनं ते अंगण साफ केलं होतं. दोन वाजले. फोन वाजला नाही.

ईस्टरपर्यंत लावत असेल ती. मग सोडून दिलं असेल. कुणीही सोडून देईल.

तो उठला, पण रोजच्यासारखा तळघराकडे गेला नाही. भिंतीला टाचलेल्या कागदावर अ‍ॅडलीनच्या अक्षरात नंबर होता. एक्केचाळीस वर्षं या माणसानं साऱ्या परगण्याचे फोन लावून दिले, आणि स्वतःच्या मुलीला कधी तबकडी फिरवून फोन लावला नव्हता. ते खातं अ‍ॅडलीनचं. त्यानं एकेक आकडा फिरवला आणि तबकडी पूर्ण परत येईपर्यंत दरवेळी थांबला.

कानात घंटी सुरू झाली. ती तिच्या घरची नव्हे, हे ऑर्लिनइतकं कुणाला ठाऊक असणार. कानात ऐकू येतं ते एक्स्चेंज वाजवतं. पलीकडं घंटी वाजते आहे की तार मोकळ्या स्क्रूवर गुंडाळलेली आहे, हे इथून कळत नाही. मार्लिस हेच ऐकत बसली होती. चार, पाच, सहा. त्यानं मोजली, कारण मोजायची सवय होती.

"हॅलो?"

"लाल तार निघालेली होती," ऑर्लिन म्हणाला.

पलीकडं भांडं ठेवल्याचा आवाज. मग, "बाबा?"

"घंटीची. जानेवारीत मीच काढली. आईला झोप लागेना. लावायची राहिली. फोन चालू असतो, पण वाजत नाही. तिकडून वाजल्यासारखा ऐकू येतो. तो एक्स्चेंजचा आवाज." त्यानं श्वास घेतला. इतकं सलग तो बऱ्याच वर्षांत बोलला नव्हता. "लाल तार लाइनला लागते. मी ती बाजूच्या स्क्रूवर ठेवली होती."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, किंवा लाइनचा असेल.

"मी नऊ रविवार लावला," ती म्हणाली. "एकदा चाळीस वेळा वाजू दिला. मला वाटलं, मी आईबद्दल बोलले म्हणून."

"हं."

"म्हणून नाही ना?"

"नाही. तू म्हणालीस ते बरोबर असेल. मला माहीत नाही." तो थांबला. "इथं ठीक. बर्फ गेला."

ती हसली की काय कोण जाणे. मग अगदी आईसारखं ठणकावून म्हणाली, "ठेवा फोन. मी लावते. वाजतो का बघू."

त्यानं फोन ठेवला आणि बसला. खिडकीबाहेर लव्हॉनचा दंताळा थांबला होता.

फोन वाजला. जानेवारीनंतर या स्वयंपाकघरात पहिल्यांदा. डावी वाटी किंचित सैल होती, आवाज बसका येत होता. घट्ट करायला हवी. तो थांबला. दुसऱ्यांदा वाजला. त्यानं हात टेबलावर ठेवला. त्या आवाजानं कुणी दचकणारं आता घरात नव्हतं.

तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा त्यानं उचलला.